अल्लाहने झाकलेलं आपण उघडू नये

आजची आयत : सूरह हूद (११), आयत ११४



आज फजरनंतर सूरह हूद वाचत होतो. ११४ व्या आयतीवर थांबलो. ही आयत आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. दिवसाच्या दोन्ही टोकांना आणि रात्रीच्या काही भागात नमाज कायम करा, असा हुकूम तिच्यात आहे, आणि लगेच पुढे सांगितलंय की सत्कर्मं दुष्कर्मांना दूर करतात. नमाजचं महत्त्व सांगताना बयानात ही आयत हमखास येते. पण ती कोणत्या प्रसंगी उतरली, ते फारसं सांगितलं जात नाही. आज तोच प्रसंग घेऊ या. त्यात हजरत उमर (र.) यांच्या तोंडचं एक लहानसं वाक्य आहे, आणि त्या वाक्याशी माझा स्वतःचा एक हिशेब बाकी आहे.

प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (र.) सांगतात. एक माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. म्हणाला की मदीनेच्या एका टोकाला एका स्त्रीशी माझी जवळीक झाली. प्रत्यक्ष व्यभिचार घडला नाही, पण त्याच्या अलीकडचं घडलं. मी हा तुमच्यासमोर उभा आहे, माझ्याबाबत हवा तो निर्णय द्या. हजरत उमर (र.) तिथे होते. ते त्याला म्हणाले ते अशा अर्थाचं, की अल्लाहने तर तुझी गोष्ट झाकून ठेवली होती, तूही स्वतःला झाकून ठेवलं असतंस तर! प्रेषितांनी (स.) काहीच उत्तर दिलं नाही. तो माणूस उठून चालू लागला. मग प्रेषितांनी (स.) त्याच्या मागे माणूस पाठवून त्याला परत बोलावलं आणि ही आयत वाचून दाखवली. तिथल्या एकाने विचारलं, हे फक्त याच्यासाठी आहे का? उत्तर मिळालं, सगळ्या लोकांसाठी आहे.

आता या प्रसंगात काय काय घडलं नाही, तेही बघा. ती स्त्री कोण, हे कुणी विचारलं नाही. कुठे, कधी, कसं, असा तपास झाला नाही. मुस्लिमच्या या हदीसमध्ये त्या माणसाचं नाव नाही, त्या स्त्रीचंही नाही. त्याला मिळालं काय? नमाजचा रस्ता. कबुली द्यायला आलेल्या माणसाला ऐकवलं गेलं की सत्कर्मं दुष्कर्मांना दूर करतात.

असाच आणखी एक प्रसंग बुखारीत हजरत अनस (र.) यांच्याकडून आलाय. एकजण येऊन म्हणाला, माझ्याकडून शिक्षेला पात्र असा अपराध घडलाय, मला शिक्षा द्या. हदीस सांगणारा मुद्दाम नोंदवतो की प्रेषितांनी (स.) त्याला त्या अपराधाबद्दल विचारलंच नाही. नमाजची वेळ झाली, त्याने जमातसोबत नमाज अदा केली. नंतर त्याने पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा त्याला विचारलं गेलं की तू आमच्यासोबत नमाज पढलास ना? मग अल्लाहने तुझा गुनाह माफ केला.

मला नेहमी वाटतं, आपण त्या मजलिसमध्ये असतो तर काय केलं असतं? आपण आधी विचारलं असतं, “काय केलंस रे?” खुर्ची पुढे ओढून.

आता माझा हिशेब.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातली पोरं तरावीहनंतर मशिदीत थांबायची. चहा व्हायचा, थोडी चर्चा व्हायची. एका रात्री त्यांनी मला आग्रह केला, “चाचा, तुमचा अनुभव सांगा ना. तुम्ही दीनकडे कसे आलात?” मी बसलो आणि सांगायला लागलो. माझ्या तरुणपणी माझ्याकडून एक गुनाह होत होता, काही वर्षं होत होता. कोणता, ते मी इथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही, तोच आजचा विषय आहे. पण त्या रात्री मी ते सगळं सांगितलं. पहिली वेळ कशी, मित्र कोण, घरच्यांना कसं फसवलं, पकडले जाता जाता कसे वाचलो. पोरं हसत होती. खरं सांगतो, मलाही सांगताना रंग चढला होता. शेवटी मी आवाज खाली आणला, तौबाचं सांगितलं, दोन-चार जणांचे डोळे ओले झाले. मला वाटलं, छान झालं.

चपला घालताना एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा जवळ आला. चेहऱ्यावर काही खोडी नव्हती, मनापासून विचारत होता. म्हणाला, “चाचा, म्हणजे आधी करून घेतलं तरी चालतं ना? नंतर तौबा केली की झालं. तुम्ही तर आता किती चांगले आहात.”

मला उत्तर सुचलं नाही. “नाही रे, तसं नाही,” एवढंच काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. त्या रात्री झोप लागली नाही. वीस मिनिटं मी बोललो होतो, आणि त्या मुलाने घरी काय नेलं, तर ही सवलत!

आणि त्याच रात्री अब्बा आठवले.

अब्बांना माहीत होतं. त्या काळात एका रात्री मी उशिरा घरी आलो तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि मला कळलं की यांना कळलंय. ते आत गेले, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला, आणि म्हणाले, “फजरला उठवतो.” बस्स. सकाळी उठवलं. मशिदीत जाताना माझ्या खांद्यावर हात होता. त्यानंतर किती तरी महिने ते रोज उठवत राहिले. कधी एक शब्द काढला नाही, ना माझ्याजवळ, ना दुसऱ्या कुणाजवळ. ते गेल्यानंतर अम्मीशी बोलताना माझ्या लक्षात आलं की अम्मीलाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार, पण मुलाची ती गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नाही.

अब्बांनी जे मरेपर्यंत झाकलं, ते मी चहाच्या कपावर उघडलं. आणि अब्बांच्या आधी ते अल्लाहने झाकलं होतं.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हजरत अबू हुरैरा (र.) यांची एक हदीस आहे. तिचा आशय असा की माझ्या उम्मतमधल्या सगळ्यांना माफी मिळेल, फक्त ‘मुजाहिर’ सोडून. मुजाहिर म्हणजे उघडपणे करणारा, जाहीर करणारा. त्याच हदीसमध्ये मुजाहिरपणाचं उदाहरणही दिलंय. माणूस रात्री काहीतरी करतो, अल्लाह त्याच्यावर परदा ठेवतो, आणि सकाळ झाली की हा स्वतःच कुणाला तरी बोलावून सांगतो की अरे, काल रात्री मी असं केलं, तसं केलं. रात्रभर रबने पांघरूण घातलेलं, आणि सकाळी याने ते स्वतःच्या हाताने फेकून दिलं.

ही हदीस मी आधी कितीतरी वेळा वाचली होती. दरवेळी डोळ्यासमोर दुसरेच लोक यायचे. चौकात उभं राहून फुशारक्या मारणारे, दारू पिऊन गोंधळ घालणारे. आपण तर तौबा केलेली, आपण कसे मुजाहिर? त्या मुलाच्या प्रश्नानंतर मला कळलं की फुशारकीला दाढी-टोपीसुद्धा असू शकते. गुनाहची आठवण काढताना शरम वाटत नाही, उलट गंमत वाटते, ऐकणाऱ्याला हसवावंसं वाटतं, तेव्हा ती तौबाची गोष्ट राहत नाही.

उघड करण्याला एवढं मोठं का धरलंय? मला जेवढं समजलं तेवढं मांडतो.

पहिली गोष्ट, शरम ही तौबाची ठिणगी आहे. आतमध्ये काहीतरी टोचत असतं म्हणून माणूस परत फिरतो. आपण ती गोष्ट पुन्हा पुन्हा लोकांत बोललो की टोचणी बोथट होते. दहाव्यांदा सांगताना ती फक्त एक किस्सा असते.

दुसरी, ऐकणाऱ्याचं मन. सूरह नूरच्या १९ व्या आयतीत इशारा आहे की श्रद्धावंतांमध्ये अश्लीलता पसरावी असं ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी या जगात आणि परलोकातही दुःखदायक शिक्षा आहे. ही आयत हजरत आयशा (र.) यांच्यावर आळ घेतला गेला त्या प्रसंगातली. तिथे तर गोष्ट खोटी होती. पण विद्वानांनी या आयतीखाली हेही समजावलंय की वाईट गोष्टींची चर्चा सतत कानावर पडली की त्या साध्या वाटायला लागतात. “सगळेच करतात” हे वाक्य असंच तयार होतं. माझ्या त्या वीस मिनिटांनी एका मुलाच्या मनात एक दार किलकिलं केलं.

तिसरी, गुनाहमध्ये बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी असतं. मी माझी गोष्ट सांगताना माझ्या मित्रांचीही सांगून टाकली. त्यातला एकजण आज नातवंडांचा आजोबा आहे, पाच वेळचा नमाजी आहे. त्याचा परदा फाडायचा हक्क मला कुणी दिला होता?

इथे हया आणि सतर हे दोन शब्द समजून घेऊ. हया म्हणजे लाज, संकोच, आतली मर्यादा. प्रेषितांनी (स.) ईमानच्या साठ-सत्तरहून अधिक शाखा सांगितल्या आणि त्यांत हयाचं नाव वेगळं घेतलं. सतर म्हणजे झाकणं. नमाजच्या मसल्यांत शरीराचा जो भाग झाकायचा असतो त्याला आपण सतर म्हणतो, तोच हा शब्द. अबू दाऊद आणि नसाईमध्ये हे दोन्ही शब्द एकाच हदीसमध्ये आलेत. प्रेषितांनी (स.) एका माणसाला उघड्यावर, अंगावर काही न घेता अंघोळ करताना पाहिलं. मग मिंबरवर चढून, अल्लाहची स्तुती करून सांगितलं की अल्लाह हयावाला आहे, झाकणारा आहे, त्याला हया आणि झाकणं आवडतं. म्हणून तुमच्यापैकी कुणी अंघोळ करेल तेव्हा आडोसा करावा. बघा, मिंबरवरून बोलताना त्या माणसाचं नाव घेतलं नाही. “तुमच्यापैकी कुणी” एवढंच. शिकवण सतरची, आणि शिकवण्याची पद्धतही सतरचीच.

आपल्याकडे हयाची चर्चा सुरू झाली की ती बाईच्या ओढणीवर जाऊन थांबते. सूरह नूरच्या ३० व्या आयतीत नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, ३१ व्या आयतीत स्त्रियांना. आणि सूरह आराफच्या २६ व्या आयतीत अंग झाकणाऱ्या कपड्यांचा उल्लेख केल्यावर सांगितलंय की तकवाचा पोशाख सर्वांत उत्तम. म्हणजे एक कपडा अंगावर असतो, एक आत असतो.

त्याच सूरहमध्ये थोडं आधी हजरत आदम आणि हव्वा यांची गोष्ट आहे. त्या झाडाची चव घेताच दोघांना आपली उघडी अवस्था दिसली, आणि ते जन्नतची पानं अंगावर लावू लागले. मला ही जागा फार बोलकी वाटते. माणसाकडून पहिली चूक झाली तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते झाकण्याचं. पण ते तिथे थांबले नाहीत. पानं लावली आणि रबकडे वळले, आम्ही आमच्यावरच जुलूम केला असं कबूल केलं, माफी मागितली. कबुली द्यायची आहेच, पण ती कुणासमोर? ज्याच्या हातात माफी आहे त्याच्यासमोर. त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही. रात्रीचा तिसरा प्रहर, जायनमाज आणि आपण. तिथे नाव घेऊन, मोजून, रडून सगळं सांगावं. तिथे काहीच झाकू नये.

आता दुसऱ्यांच्या गुनाहचं. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत तीन गोष्टींना एका ओळीने मनाई आहे. फार संशय घेऊ नका, टेहळणी करू नका, पाठीमागे वाईट बोलू नका. हा क्रम बघा. आधी मनात शंका येते, मग आपण शोध घेतो, मग सापडलेलं वाटत सुटतो. आजकाल तर हे सगळं फोनवरच होतं. कुणाचं स्टेटस, कुणाचा जुना फोटो, कुणाच्या चॅटचा स्क्रीनशॉट. “फक्त तुला पाठवतोय, पुढे पाठवू नको” असं म्हणत तो संध्याकाळपर्यंत गावभर होतो. मुस्लिममधल्या हदीसचं आश्वासन आहे की जो एखाद्या मुसलमानाचा दोष झाकेल, अल्लाह या जगात आणि आखिरतमध्ये त्याला झाकेल. आणि अबू दाऊदमधला इशाराही आहे की जो लोकांचे दोष हुडकत फिरेल, त्याचे दोष अल्लाह उघडे करेल, तो आपल्या घरात बसलेला असला तरी.

हजरत माइज (र.) यांचा प्रसंग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. त्यांनी येऊन स्वतःच्या व्यभिचाराची कबुली दिली, प्रेषितांनी (स.) पुन्हा पुन्हा तोंड फिरवलं, तरी ते सांगतच राहिले आणि शेवटी शिक्षा झाली. पण अबू दाऊदमध्ये या प्रसंगाचा एक तुकडा आहे. त्यांना तिकडे जा म्हणून सांगणारे होते हजरत हज्जाल (र.). त्यांना प्रेषित (स.) म्हणाले ते असं, की तू आपल्या कपड्याने त्याला झाकून घेतलं असतंस तर ते तुझ्यासाठी अधिक चांगलं होतं. हे वाचलं की मला ओट्यावरचे अब्बा दिसतात. अब्बांनी ही हदीस वाचली होती की नाही, ठाऊक नाही. त्यांनी ती केली.

इथपर्यंत वाचून काही जणांच्या मनात एक गोष्ट येईल, आणि ती यायलाच हवी. मग घरात नवरा मारत असेल तर बायकोने गप्प बसायचं का? एखादा मोठा माणूस लहान पोराशी वाईट वागत असेल तर “परदा ठेवा, खानदानाची इज्जत आहे” म्हणायचं का?

नाही. अजिबात नाही. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत स्पष्ट आहे की वाईट गोष्ट उघडपणे बोलणं अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झालाय त्याला मोकळीक आहे. इमाम नववी यांनी रियाजुस्सालिहीनमध्ये सहा प्रसंग मोजून दिलेत जिथे दुसऱ्याचा दोष बोलणं चालतं. त्यात पहिलाच जुलमाविरुद्ध दाद मागण्याचा. वाईट थांबवण्यासाठी मदत घेणं, मसला विचारणं, लोकांना धोक्यापासून सावध करणं, हेही त्यात आहेत. हजरत हिंद (र.) यांनी प्रेषितांना (स.) विचारलंच होतं की माझा नवरा हात आखडता घेतो, मला आणि मुलांना पुरेसं देत नाही, मी त्याच्या पैशातून घेऊ का? त्यांना गीबत केलीस म्हणून कुणी गप्प केलं नाही. रीतीप्रमाणे पुरेल एवढं घे, असं उत्तर मिळालं.

फरक एका वाक्यात लक्षात ठेवा. जो गुनाह माझ्यात आणि माझ्या रबमध्ये आहे, तो झाकायचा. ज्या गुनाहमध्ये दुसऱ्याचं रक्त, पैसा, अब्रू किंवा लेकराचं बालपण अडकलंय, तिथे ‘सतर’चं नाव घेऊन तोंड बंद करणं हा आणखी एक जुलूम आहे. आपल्या समाजात हे होतं, मी पाहिलंय. बैठक बसते, चहा येतो, मारणाऱ्याची इज्जत सांभाळली जाते आणि मार खाणारीला सब्र शिकवला जातो. हे सतर नाही.

तसंच कुणाचे पैसे बुडवले असतील, तर नुसती रात्रीची तौबा पुरत नाही. पैसे परत करावे लागतात. तिथे झाकपाक नाही, हिशेब आहे.

आणखी दोन-तीन प्रश्न नेहमी येतात, तेही थोडक्यात घेतो.

“लपवणं म्हणजे मुनाफिकपणा नाही का?” दोन्ही वरून सारखे दिसतात, आतून वेगळे आहेत. मुनाफिक लोकांना फसवण्यासाठी लपवतो, त्याला गुनाहचं दुःख नसतं. हयावाला लपवतो कारण त्याला त्या गोष्टीची लाज आहे, आणि ती पुन्हा होऊ नये असं त्याला वाटतं. पण स्वतःला तपासत राहावं लागतं. इब्ने माजामध्ये हजरत सौबान (र.) यांची हदीस आहे, पहाडाएवढी सत्कर्मं घेऊन आलेल्या लोकांची. त्यांची सत्कर्मं धुळीसारखी उडवली जातील, कारण एकांत मिळाला की ते अल्लाहच्या मर्यादा तोडायचे. म्हणजे परदा ही परत फिरण्यासाठी मिळालेली सवड आहे, मोकळं रान नाही.

“निकाह ठरतोय, जुनं सगळं सांगायचं का?” ज्या गुनाहची तौबा झाली आणि जो मागे पडला, तो उकरून सांगण्याची गरज नाही, असंच उलमा सांगतात. समोरच्यानेही खोदून विचारू नये. मात्र आजार, कर्ज, आधीचं लग्न, आधीची मुलं या गोष्टी गुनाह नाहीत. त्यांचा परिणाम दुसऱ्याच्या आयुष्यावर होतो, म्हणून त्या सांगायलाच हव्यात.

“सवय सुटत नाही, एकट्याने जमत नाही, मग?” मग मदत घ्या. डॉक्टरला सांगा, व्यसनमुक्ती केंद्रात जा, एखाद्या जाणत्या आलिमला किंवा भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. जखम वैद्याला दाखवणं वेगळं आणि बाजारात दाखवणं वेगळं. जेवढं सांगायला लागतं तेवढंच सांगा, आणि ज्याचं पोट मोठं आहे त्यालाच सांगा.

आता त्या मुलाचं. पुढच्या जुम्याला मी त्याला गाठलं. म्हटलं, “त्या दिवशी मी चुकलो. मी जे सांगितलं ते सांगायला नको होतं. आणि तू जे विचारलंस त्याचं उत्तर असं आहे, की तौबाचं दार उघडं आहे, पण तिथपर्यंत पोचायला वेळ मिळेल की नाही हे मला माहीत नव्हतं, तुलाही माहीत नाही. माझ्यासोबतचे सगळे पोचले नाहीत.” तो काही बोलला नाही, मान हलवली. त्याच्या मनात काय राहिलं, अल्लाह जाणे. मी मात्र त्या दिवसापासून ती गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. कुणी दीनकडे कसे आलात म्हणून विचारलं तर सांगतो, “अब्बा फजरला उठवायचे.” आणि ते खरंच आहे.

आज एवढंच करू या. फोनमधला एखादा स्क्रीनशॉट, ज्यात दुसऱ्याची लाज आहे आणि कुणाच्या न्यायासाठी त्याची गरज नाही, तो पुसून टाकू. स्वतःचा एखादा किस्सा, जो आपण हसत सांगत आलोय, तो इथून पुढे बंद करू. आणि इशानंतर दोन रकात पढून तीच गोष्ट त्याला सांगू ज्याने ती आजवर झाकली.

कारण एक दिवस येणार आहे. हजरत इब्ने उमर (र.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. त्या दिवशी अल्लाह आपल्या श्रद्धावंत बंद्याला जवळ घेईल, त्याच्यावर आपला परदा घालेल, आणि हळूच विचारेल की हा गुनाह आठवतो? तो आठवतो? बंदा एकेक कबूल करत जाईल. त्याला वाटेल, संपलो आता. तेव्हा रब सांगेल की जगात मी हे तुझ्यासाठी झाकून ठेवलं होतं, आणि आज मी ते माफ करतो.

जो दिवस सगळं उघड होण्याचा, त्या दिवशीही परदा. ज्या रबला आपली लाज एवढी सांभाळावीशी वाटते, त्याच्यासमोर आपण ती स्वतःच्या हाताने का फेकावी?

या अल्लाह, आमच्या चुका झाकून ठेव आणि आम्हाला त्यांच्यातून बाहेर काढ. आमच्या जिभेला दुसऱ्याच्या ऐबपासून आवर. ज्यांच्यावर जुलूम होतोय त्यांना बोलण्याची ताकद दे, आणि आम्हाला त्यांचं ऐकण्याची. ज्या आईबापांनी आमचं झाकलं, त्यांच्या कबरी नूरने भर. आमीन.